बोर्रा गुहा कोणाला सापडली?

विशाखापट्टणम आणि अरकू खोऱ्याच्या सहलीवर मराठीत जे लेख लिहिले जातात, त्यांचा एक साचा ठरून गेला आहे. आधी समुद्र, मग बोगद्यांतून जाणारी आगगाडी, मग कॉफीचे मळे आणि शेवटी बोर्रा गुहा. गुहेवरच्या परिच्छेदात तीन वाक्ये हमखास येतात. पहिले, ही गुहा म्हणजे निसर्गाचा अद्भुत चमत्कार होय. दुसरे, १८०७ साली एका इंग्रज भूशास्त्रज्ञाने तिचा शोध लावला. तिसरे, स्थानिक आदिवासींची मात्र अशी भोळी समजूत आहे की... आणि या 'की'च्या पुढे एका गुराख्याची व त्याच्या गाईची गोष्ट दोन ओळींत उरकली जाते. दिवाळी अंकांपासून वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांपर्यंत हा क्रम सहसा बदलत नाही.

आमचे भांडण या क्रमाशी आहे. इंग्रजाचे ते 'शोध' आणि गुराख्याची ती 'समजूत', ही वाटणी कोणी केली आणि कशाच्या आधारावर केली, हा प्रश्न आम्हांला किरकोळ वाटत नाही. प्रवासवर्णन हा आपल्याकडे निरुपद्रवी वाङ्मयप्रकार मानला जातो आणि त्याची चिकित्सा करण्याची तसदी समीक्षक घेत नाहीत. परंतु एखाद्या भूप्रदेशाविषयी मध्यमवर्गीय वाचकाच्या मनात जे चित्र कायमचे बसते, ते बहुतेक वेळा याच लेखनातून बसते. म्हणून या तीन वाक्यांची तपासणी करणे अगत्याचे आहे.

प्रथम गुहेविषयी. विशाखापट्टणमपासून सुमारे ९० किलोमीटरवर, पूर्व घाटातल्या अनंतगिरीच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर ती आहे. पूर्वी हा भाग विशाखापट्टणम जिल्ह्यात होता. २०२२ पासून तो अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्यात येतो. खडक प्राचीन, उष्णता व दाब यांनी रूपांतरित झालेला चुनखडक. गोस्थनी नदी या गुहेतून वाहते आणि पुढे भीमुनिपट्टणमजवळ बंगालच्या उपसागराला मिळते.

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला या जागेची सवय नसते, याचे कारण आपल्या दगडात आहे. आपला सह्याद्री बेसाल्टचा. अजिंठा, वेरूळ, कार्ले ही माणसाने छिन्नीने कोरलेली लेणी आहेत. 'लेणे' या शब्दातच कोणीतरी कोरले, घडवले, हे गृहीत आहे. त्यामुळे आपण गुहेत शिरतो ते कर्त्याचा शोध घेत : कोणता राजा, कोणता पंथ, कोणते शतक? बोर्राच्या पायऱ्या उतरू लागल्यावर हा प्रश्न निरर्थक होतो. मुखातून आत येणारा दिवसाचा उजेड हळूहळू मागे पडतो. छताला एके ठिकाणी पडलेल्या भोकातून मात्र वरच्या आकाशाचा एक तुकडा दिसत राहतो. सत्तर-पंचाहत्तर मीटर उंचीची ती पोकळी पाण्याने केलेली आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, फटींतून झिरपताना चुनखडक विरघळवते. आणि तेच पाणी गुहेच्या मोकळ्या हवेत थेंबाथेंबाने गळताना वायू सोडून देते व विरघळलेला चुना कॅल्साइटच्या रूपाने मागे ठेवते. छताकडून लोंबणारे ते अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीवरून चढणारे ते ऊर्ध्वमुखी. वाढीचा सर्वसाधारण वेग वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे शतकाला एक सेंटिमीटर. गुहेच्या अंतर्भागात, चढणीच्या लोखंडी जिन्यावर, ज्याला शिवलिंग म्हणून पूजले जाते तोही असाच एक ऊर्ध्वमुखी स्तंभ आहे. वाटेवर शिवपार्वती, ऋषीची दाढी, आई आणि मूल, मगर, मानवी मेंदू अशी नावे दिलेले आकार विजेरीच्या झोतात दाखवले जातात.

आता दुसरे वाक्य पाहू. '१८०७ साली जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या विल्यम किंग यांनी गुहेचा शोध लावला.' कोणी त्यांना विल्यम किंग म्हणतात, कोणी विल्यम किंग जॉर्ज. साल मात्र सर्वत्र १८०७. माहितीपत्रकांत आहे, संकेतस्थळांवर आहे आणि तिथून उचलून मराठी लेखांत आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण हे खाते स्थापन झाले १८५१ साली. जे खातेच अस्तित्वात नव्हते त्याच्या अधिकाऱ्याने चव्वेचाळीस वर्षे आधी गुहा शोधली! या खात्यात विल्यम किंग नावाचे भूशास्त्रज्ञ खरोखर होते. ते १८८७ ते १८९४ या काळात खात्याचे संचालकही होते. १८९४ पर्यंत नोकरीत असलेला माणूस १८०७ साली अनंतगिरीच्या डोंगरात हिंडत असणे शक्य नाही, हे समजायला इतिहासाची पदवी लागत नाही, वजाबाकी पुरते. तरीही ही वजाबाकी कोणी केली नाही. का केली नाही? कारण वाक्यात इंग्रज होता, खाते होते आणि आकडा होता. या तिघांपुढे आपली चिकित्सक बुद्धी हात जोडून उभी राहते. गुराख्याच्या गोष्टीला 'समजूत' म्हणणारे आम्ही सुशिक्षित लोक ज्या वाक्याला 'इतिहास' म्हणतो, ते वाक्य कालगणनेच्या पहिल्याच कसोटीवर पडते. भोळी समजूत नेमकी कोणाची, हे वाचकांनीच ठरवावे.

शिवाय 'शोध' या शब्दाचेही पाहिले पाहिजे. आंध्र विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञांना या गुहेत मध्य पुराश्मयुगातील दगडी हत्यारे मिळालेली आहेत. त्यांचा काळ तीस ते पन्नास हजार वर्षांपूर्वीचा सांगितला जातो. जिथे माणूस इतक्या पूर्वी वावरत होता ती जागा एकोणिसाव्या शतकात कोणाला 'सापडली' म्हणणे म्हणजे, फार तर, तिची नोंद एका दप्तरात झाली असे म्हणणे. नोंद होण्याला महत्त्व आहे. पण नोंद म्हणजे शोध नव्हे.

तिसऱ्या वाक्याकडे आता वळू. गोष्ट अशी सांगतात : डोंगरमाथ्यावर चरणारी एक गाय छताच्या भोकातून खाली पडली. तिला शोधत गुराखी डोंगराच्या पोटात उतरला. आत गाय सुखरूप होती आणि तिच्याजवळ लिंगासारखा एक दगड होता. देवाने गाय राखली, असा त्याने अर्थ लावला. गावकऱ्यांनी पूजा सुरू केली, गुहेबाहेर लहानसे देऊळ बांधले. गुहेत गाईच्या आचळासारखा आकार आहे आणि तिथून पाझरणारे पाणी ती गोस्थनी, म्हणजे गाईच्या स्तनातून आलेली.

ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या कितीतरी स्वयंभू देवस्थानांची कथा हीच आहे. गाय रोज एका ठिकाणी पान्हा सोडते, गुराख्याला संशय येतो, तो तिथे उकरतो आणि खाली पिंडी निघते. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात पंढरीच्या दैवताचा माग गवळी-धनगरांच्या जीवनापर्यंत नेला. त्याच्याही आधी दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या पायवाटांवरून ग्रामदेवतांची ठाणी पाहत हिंडले आणि 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) मध्ये त्यांनी कथा आणि पूजा यांतून जुने समाज व त्यांचे मार्ग वाचून दाखवले. म्हणजे अशा गोष्टी पुराव्यासारख्या वाचाव्यात, हे मराठी विचारविश्वाला किमान अर्धशतक ठाऊक आहे. आश्चर्य हे की, पंढरपूरविषयी जे आपण मान्य करतो ते अरकूच्या वाटेवर विसरतो.

तशी वाचली तर ही गोष्ट काय सांगते? ती सांगते की छताला भोक आहे आणि ते वर चरणाऱ्या गुरांना धोक्याचे आहे. ती सांगते की त्या भोकाची आणि खालच्या पोकळीची जागा एकच आहे. ती सांगते की नदीचे पाणी डोंगराच्या आतून येते. ही तीनही निरीक्षणे अचूक आहेत आणि त्या डोंगरावर रोज वावरल्याखेरीज ती करता येत नाहीत. आणि चौथी गोष्ट ती अशी सांगते की, ही जागा प्रथम ज्याच्या पायांना सापडली तो गुरे राखणारा होता. जिथे लिखित कागद नसतो तिथे कथा हाच कागद असतो. या अर्थाने गुराख्याची गोष्ट म्हणजे त्या समाजाचा सातबारा आहे.

हे रूपक वाटत असेल तर अमरनाथचे उदाहरण घ्यावे. तिथेही बुटा मलिक नावाच्या मेंढपाळाला गुहा सापडल्याची कथा आहे. ती केवळ कथा म्हणून राहिली नव्हती. पहलगामजवळच्या त्या मुसलमान कुटुंबाला यात्रेतील दानाचा वाटा पिढ्यान्‌पिढ्या मिळत होता. २००० साली देवस्थान मंडळाचा कायदा झाला आणि ही व्यवस्था संपली. कथा शिल्लक आहे, हक्क गेला. यात्रेवरच्या लेखांत आज मलिकचा उल्लेख येतो तो धार्मिक सलोख्याचा गोड किस्सा म्हणून. हक्काची कथा किस्सा होऊन बसते ती अशी.

येथे दोन बाजूंनी आक्षेप येतील याची आम्हांला कल्पना आहे.

पहिला विज्ञाननिष्ठांचा : लिंग म्हणजे कॅल्साइटचा खांब आहे हे तुम्हीच सांगता, मग गोष्टीची एवढी वकिली कशासाठी? आमचे उत्तर असे की, खांब कसा झाला याचे उत्तर रसायनशास्त्र देते आणि ते पूर्ण उत्तर आहे. त्यात गोष्टीने लुडबुड करू नये व ती करतही नाही. गुराख्याने खांब कसा वाढला याविषयी काहीच म्हटलेले नाही. गुहेशी कोणाचा काय संबंध आहे, हा दुसरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर रसायनशास्त्राने देण्याची अपेक्षाच चुकीची आहे. ज्यांना वैज्ञानिक दृष्टी खरोखर प्रिय आहे त्यांनी आधी १८०७ ची वजाबाकी करावी. आदिवासीच्या कथेवर हसणे हे विज्ञाननिष्ठेचे सर्वांत स्वस्त प्रमाणपत्र आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धावानांचा. त्यांना आमचे म्हणणे सोयीचे वाटण्याचा संभव आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. गुहेला एखाद्या पुराणातील तीर्थाचे मोठेपण चिकटवण्याची जी घाई अलीकडे सर्वत्र दिसते, तिलाही आमचा तितकाच विरोध आहे. कारण ऋषी आणि देव कथेत शिरले की सर्वप्रथम बाहेर काढला जातो तो गुराखी. जटापू, पोरजा, कोंडादोरा, नूकादोरा, वाल्मिकी या गुहेभोवतीच्या जमाती मग 'यात्रेकरूंना मदत करणारे स्थानिक' एवढ्यापुरत्या उरतात. इंग्रज खात्याने जे केले तेच संस्कृत माहात्म्य करील; फक्त खालची सही बदलेल.

आता मुख्य मुद्दा. या सर्व लेखांत एक चौथे वाक्य कधीच नसते, आणि ते नसणे हाच आमच्या मते या लेखनाचा खरा दोष आहे. बोर्रा हे नाव भारताच्या न्यायालयीन इतिहासात ज्या कारणाने कायमचे नोंदले गेले आहे, ते कारण गुहेचे सौंदर्य नव्हे.

बोर्राचे राखीव जंगल आणि त्याभोवतीची चौदा गावे हे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्र. या भागात आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा विनियम होता आणि १९७० मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तरीही सरकारने इथे खासगी कंपन्यांना खाणपट्टे दिले. त्यांतल्या खनिजांत कॅल्साइटही होते. ज्या खनिजाची झुंबरे पाहण्यासाठी आम्ही तिकीट काढून आत जातो, त्याच खनिजासाठी बाहेरचा डोंगर खणण्याचे हे परवाने होते. 'समता' या संस्थेने हे प्रकरण न्यायालयात नेले. उच्च न्यायालयात त्यांना यश आले नाही. ११ जुलै १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला : अनुसूचित क्षेत्रातील जमीन, मग ती सरकारी का असेना, खाणकामासाठी बिगर-आदिवासी व्यक्तीला किंवा खासगी कंपनीला पट्ट्याने देता येणार नाही. विनियमातील 'व्यक्ती' या शब्दात खुद्द राज्य सरकारही येते, हा त्यातला निर्णायक अर्थ. भारतातील आदिवासी भूमीविषयीची कोणतीही गंभीर चर्चा आज 'समता निकाला'चा उल्लेख टाळून करता येत नाही.

मराठी प्रवासवर्णनाला याची खबर नाही. ज्या आगगाडीच्या खिडकीतून आम्ही दऱ्या पाहतो, तो लोहमार्गही १९६० च्या दशकात बैलाडिलाचे लोहखनिज विशाखापट्टणमच्या बंदरापर्यंत आणून जपानला पाठवण्यासाठी बांधला गेला. प्रवासी त्यावरून पुढे जाऊ लागले. म्हणजे पर्यटनाचा रस्ता खनिजाने घातला आणि पर्यटनाचे स्थळ खनिजापासून वाचवावे लागले. एवढी मोठी गोष्ट डोळ्यांपुढे असताना लेखकाला आठवतात ती भजी, माकडे आणि 'निसर्गाची किमया'. किमया हा शब्द असा सोयीचा आहे की तो वापरला की माणसांबद्दल काही लिहावे लागत नाही.

एक गंभीर आक्षेप मात्र टाळण्याजोगा नाही. कोणी म्हणेल, श्रद्धा आणि जमीन यांची सांगड घालणे धोक्याचे आहे. आज आदिवासींचा देव डोंगर वाचवील, उद्या दुसऱ्या कोणाचा देव दुसऱ्याची जमीन बळकावील. ही भीती खरी आहे आणि आपल्या देशात ती काल्पनिक राहिलेली नाही. म्हणूनच निकालांचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. समता प्रकरणाचा निर्णय देवावर झालाच नाही. तो अनुसूचीवर आणि जमिनीच्या कायद्यावर झाला. पूर्व घाटातच, शेजारच्या ओडिशात, नियमगिरीच्या बॉक्साइटचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा डोंगरिया कोंधांचा नियमराजा हा त्या वादाच्या केंद्रस्थानी होता. परंतु १८ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने डोंगर पवित्र आहे की नाही हे ठरवले नाही. तो प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तेव्हा आम्ही मागतो आहोत ते देवाला मालकी देणे नव्हे. जे तिथे राहतात त्यांना आधी विचारणे, एवढीच ती मागणी आहे. आणि 'आम्ही इथे आधीपासून आहोत' हे सांगण्याची त्यांची भाषा जर गाईची गोष्ट असेल, तर ती भाषा ऐकण्याची तयारी ठेवणे.

गुहेलाही काही विचारता आले असते तर बरे झाले असते. प्रखर दिव्यांच्या उजेडात गुहेच्या भिंतींवर शेवाळ वाढते. माणसांच्या श्वासाने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो. हात लावलेल्या स्तंभावर त्वचेचे तेल बसून थेंबांतला चुना धरेनासा होतो. फ्रान्समधील लास्को गुहा तिथल्या चित्रांच्या रक्षणासाठी १९६३ मध्ये पर्यटकांना बंद करण्यात आली आणि १९८३ मध्ये तिची प्रतिकृती उभारून लोकांना दाखवली जाऊ लागली. आमच्याकडे उलट दिशेचा उत्साह असतो : अजून दिवे, अजून रंग, अजून गर्दी. आमच्या प्रवासलेखकांना रंगीत दिव्यांत न्हालेली गुहा 'स्वर्गीय' वाटते. शतकाला एक सेंटिमीटर वाढणाऱ्या वस्तूपुढे दोन मिनिटे अंधारात उभे राहावे, असे सुचवणारा मराठी लेख आमच्या वाचनात नाही. मूळ भक्ताची रीत या बाबतीत अधिक शहाणी होती. तो शिवरात्रीला येत असे, दिवा लावीत असे आणि परत जात असे.

मग लिहिणाऱ्याने काय करावे? फार अवघड असे काही नाही. जिथे साल दिले आहे तिथे ते जुळते का पाहावे. जिथे 'स्थानिक' हा शब्द येईल तिथे जमातीचे नाव लिहावे. जिथे गोष्ट ऐकू येईल तिथे ती पूर्ण ऐकावी आणि 'समजूत' हा शब्द सर्वांसाठी किंवा कोणासाठीच न वापरावा. आणि पाण्याच्या मागे थोडे पुढे जावे. गोस्थनी गुहेतून बाहेर पडते ती ताटिपुडीच्या जलाशयात येते आणि तिथले पाणी विशाखापट्टणम शहराच्या नळांना जाते. ज्या हॉटेलात उतरून आपण सहलीचा बेत आखतो, तिथल्या पेल्यातल्या पाण्याचा काही अंश या डोंगराच्या पोटातून आलेला असू शकतो. अनंतगिरीवर काय खणले जाते आणि काय खणले जात नाही, हा मग केवळ 'त्यांचा' प्रश्न उरत नाही.

बोर्रा गुहा कोणाला सापडली, या प्रश्नाचे एका नावाचे उत्तर नाही आणि ते असण्याची गरजही नाही. परंतु दोन उत्तरे उपलब्ध असताना आपण त्यांतले जे निवडले ते वजाबाकीत चुकते, आणि जे नाकारले त्यात डोंगर, भोक, नदी, गुरे आणि माणसे सगळी आपापल्या जागी आहेत. यातले कोणते उत्तर पाठ्यपुस्तकात जावे आणि कोणते कंसात, याचा पुनर्विचार व्हायला हवा.